पहिल्या बाळंतपणाचं तूप

दुधाचा भाव वाढला की आमचा डेअरीवाला तोंडाने सांगत नाही. पिशवी पुढे सरकवतो, आपण नेहमीचे पैसे देतो, आणि तो हात तसाच पसरून ठेवतो. मग आपणच विचारायचं, "आता काय?" तो म्हणतो, "दोन रुपये अजून. वरूनच वाढलंय." हे वर कोण बसलंय, ते मला आजवर कळलेलं नाही. दूध घालणारे टीव्हीवर येऊन सांगतात, आमच्या हातात काही पडत नाही. डेअरीवाला म्हणतो, मलाही काही सुटत नाही. म्हणजे सगळे बिचारे धर्मादाय चालवतात आणि मी एकटी खडकीत बसून श्रीमंत होते.

एरवी मी दोन शब्द ऐकवून घरी आले असते. पण त्या वर्षी लेक पहिल्या बाळंतपणाला येणार होती. पहिलं बाळंतपण माहेरचं. बाळंतिणीच्या तोंडात जाणारा घास न् घास आईच्या घरचा असायला हवा, आणि डिंकाच्या लाडवांना तूप घरी कढवलेलंच हवं. माझ्या आईने माझ्या वेळी तेच केलं होतं. बाजारच्या तुपाच्या बरणीवरची किंमत मी एकदा वाचली आणि बरणी होती तिथे परत ठेवली. दुकानातल्या मुलीने विचारलं, "काकू, देऊ का?" म्हटलं, "नको, नुसती भेटायला आले होते."

तर तूप घरीच करायचं ठरवलं. आता पिशवीच्या दुधावर साय येते किती? कांद्याचा पापुद्रा परवडला. दूध उकळून, पूर्ण गार करून, वरची साय अलगद उचलायची आणि फ्रीझरमधल्या डब्यात टाकायची. पुरेशी जमली की विरजण लावायचं, ताक घुसळायचं, लोणी कढवायचं. तीन भाववाढी झाल्या त्या काळात. आधी पनीर बंद केलं. मग श्रीखंडाचा विषय काढायचा नाही असं ठरलं. मग मोठ्या पिशवीऐवजी लहान पिशवी आली. डब्यात मात्र रोज साय पडत राहिली.

आमचे हे एक दिवस म्हणाले, "मला कोरा चहा कर. दुधाचा हल्ली सोसत नाही." ह्या माणसाने आख्खी नोकरी फॅक्टरीच्या कँटीनमधला चमचा उभा राहील असला चहा पिऊन काढली. निवृत्त झाल्यावर एकदम सोसेना म्हणे. हे खोटं आहे ते मला कळलं, आणि मी ते चालवून घेतलं. कोरा चहा ते पीत, आणि राग मला येई. कपात बघत नुसते बसत. वर म्हणायचे, "वा, छान झालाय." असं कुणी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

लेक सातव्या महिन्यात आली. तिला सकाळ-संध्याकाळ ग्लासभर दूध द्यायचं हे मी ठरवूनच ठेवलं होतं. आणि दिलंही. फक्त द्यायच्या आधी वरची साय काढून घ्यायची. हात सवयीने चमच्याकडेच जाई. शेवटी तिच्याच लाडवांसाठी तर साठवत होते. लेकीच्या पोटात आज जाणारी साय मी तिच्या पोटात पुढे जाण्यासाठी काढून ठेवत होते, आणि ह्यात काही चुकतंय असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

नवव्या महिन्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "हिचं वजन म्हणावं तसं वाढत नाहीये. बाळही जरा लहान वाटतंय. घाबरू नका, पण खाण्याकडे लक्ष द्या. दूध, दही, पनीर, तूप, सगळं द्या." पनीर द्या म्हणे. जशी काही मी पनीर कपाटात कोंडून बसले होते. मी म्हटलं, "डॉक्टर, चिठ्ठीवर लिहून द्या ना, औषधाच्या दुकानात तरी जरा स्वस्त मिळेल." त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

परत येताना रिक्षात लेक म्हणाली, "आई, रागावू नकोस हं. पण तुझ्याकडचं दूध असं पाण्यासारखं का लागतं गं?"

घरी आले, पर्ससुद्धा खांद्यावरून उतरवली नाही, फ्रीझर उघडून डबा बाहेर काढला. इतक्या महिन्यांचा डबा. विरजणाइतकी साय नुकती होत आली होती. ती वितळायला ठेवली, गरम पोळी केली, वर ती साय जाड थापली आणि साखर भुरभुरवली. लेक म्हणाली, "अय्या, साय-साखर. किती वर्षांनी." मी म्हटलं, "गप खा." ती खात होती आणि मी ओट्याशी पाठ करून उभी होते. रडायला येत होतं, पण त्याहून जास्त कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटत होती. ते वर बसलेलं कोण आहे, त्याच्या. आणि माझ्याही.

त्या दिवसापासून डब्यातली साय रोज तिच्या पोळीवर गेली आणि दूध सायीसकट. डबा रिकामा झाला तशी ती बाळंत झाली. मुलगी. वजन चांगलं भरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बघा, उगाच घाबरलात." मी घाबरले नव्हते, मी चिडले होते, पण ते सांगत बसले नाही. लेक सुखरूप, नात सुखरूप, आणि लाडवांना घरात चमचाभर तूप नाही.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई हॉस्पिटलात आल्या. त्या हडपसरच्या, तिथल्या मूळ गावातल्या. एके काळी दावणीला म्हशी असलेलं घर. नातीला बघितलं, दृष्ट काढली, आणि पिशवीतून तुपाचा डबा काढून माझ्या हातात दिला. "लाडवाला," म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. मी त्यांना बाहेर जिन्याशी नेलं आणि म्हटलं, "अहो, लाडू माहेरचे असतात. आमच्याकडे तुपाला काही कमी आहे असं वाटलं का तुम्हाला?"

त्या अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरगी फोनवर म्हनली, आई रोज साय-साखर घालती. म्हनलं, रोज साय खायाला घालती, मग ही बाई तूप काढनार कशाचं? म्हनून आनलं."

मी म्हटलं, "तुमचं काय जातंय. तुमच्याकडे घरचं दूध."

"कुठलं घरचं?" त्यांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "म्हशी जाऊन लई वर्सं झाली. गोठा हुता तिथं आता बिल्डिंगच्या गाड्या लागत्यात. आमच्यातबी पिशवीच येती. सून बाळंतपनाला तुमच्याकडं आली, तवापासनं ह्यांच्या दुधावरची साय काढून ठेवत हुते. ह्यांना सांगितलंय, डाक्टरनं साय बंद केली म्हनून. कुनाला बोलू नगा, विहीनबाई. गावात म्हनतील, पाटलाच्या घरात तूप नाय."

आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहिलो. माझ्या घरी एक म्हातारा कोरा चहा पीत होता, त्यांच्या घरी एक म्हातारा बिनसायीचं दूध. आणि दोघांनाही ते आवडत होतं म्हणे. बायकांनी घरातल्या पुरुषांच्या कपातून चोरावं तेव्हा कुठे बाळंतिणीला तूप दिसावं, अशी वेळ आणून ठेवलीय. माझा राग गेला नाही. फक्त विहीणबाईंवरचा गेला.

डबा मी घेतला. घरी येऊन त्या तुपात डिंक तळला, खारीक-खोबरं घातलं. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "जरा लहान लहान वळ, म्हणजे पुरतील."

लाडू मी मोठेच वळले.