उघडी राहिलेली तोटी

माझे वडील गावी, धावड्याला वारले, त्या दिवशी आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे सर कॉलम सोडून उठले.

एवढा एका जागी बसणारा माणूस जालना जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आस्कंदाच्या (अश्वगंधेच्या) मुळ्यांतली तीन अल्कलॉइडं, म्हणजे औषधी कडू द्रव्यं, त्यांना शुद्ध करायची होती. दोन निघाली होती. तिसरं दुसऱ्याला चिकटून येई. ते सुटलं की पीएच.डी. पूर्ण. कॉलम म्हणजे सिलिकाची पांढरी पूड भरलेली उभी काचनळी. वर्षभराच्या मुळ्यांचा अर्क तीत ओतून, वरून द्रावण घालत, खालच्या तोटीतला थेंब न् थेंब ते नंबर घातलेल्या परीक्षानळ्यांत धरत. द्रावण संपून पूड कोरडी पडली की तिला तडे जातात, सगळं वाया जातं. म्हणून भाकरीही तिथंच, उभ्यानं. पंख्यानं द्रावण उडतं, तरी तो लावला म्हणून शिपायाशी त्यांनी आठवडाभर अबोला धरला. राजूरला सख्ख्या पुतणीवर अक्षता टाकून ते पंगतीआधीच निघाले, तेव्हा भाऊ म्हणाला, "नवरीपेक्षा नळीची काळजी जास्त हाय तुला." सर म्हणाले, "नवरीजवळ तुमी समदे हायेत. नळीजवळ कोनीच न्हाई."

मी ग्रंथपाल, समोरच बसे. एवढा वेळ कशाला लागतो, असं एकदा विचारलं. "जल्दी केली की एकमेकांत मिसळतेत," ते म्हणाले. "थांबलं की आपापले सुटतेत."

कचेरीत धावड्याहून फोन आला आणि मी सरांना सांगितलं. सरांनी प्रयोगशाळेला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, जीप ठरवली आणि माझ्याबरोबर आले. तीन दिवस राहिले. पाहुण्यांना चहा दिला, माझ्या आईशी शेतीचं बोलले. राख सावडून आल्यावर मला आठवलं.

"सर, कॉलम?"

"हाय बराबर. तुमी जेवा आधी."

परतल्यावर शिपायानं सांगितलं ते असं, की सर तोटी बंद करायची विसरले होते. थेंब पडत राहिले, पूड उभी चिरली. सरांनी ती नळी स्वतः धुतली. मी माफी मागायला गेलो, तर ते म्हणाले, "मुळ्या काय, परत उगवतेत."

उगवल्या; पण तोवर त्यांचे हात थरथरायला लागले होते. मग निवृत्ती आली. गेल्या वर्षी ते गेले.

त्यांचा अपुरा प्रबंध ग्रंथालयात माझ्या कपाटात आहे. तिसऱ्या प्रकरणाला मथळा आहे. पुढची पानं कोरी आहेत.