माय एकच सकाळ बोलली

आधीच सांगून ठेवतो — भूत, भानामती, अंगात येणं, यातलं मी काही मानत नाही. निजामाच्या राज्यात केजच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. चार दिवस देवऋष्याकडे घालवून मग आमच्याकडे आणलेले पेशंट इतके पाहिलेत, की या विषयावर माझं डोकं लगेच तापतं. तरीही हे लिहितोय. सत्तरी उलटली, आणि त्या सकाळी तिथं असलेलं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही.

धारूरच्या डोंगराखाली आमचं गाव. नाव देत नाही, त्या घरांतली नातवंडं अजून तिथं नांदताहेत. मी पाच वर्षांचा असताना मानमोडीची साथ आली — पुढे मी तिला इन्फ्लुएंझा म्हणायला शिकलो. एका आठवड्यात वडील गेले, धाकटी बहीण गेली. माय तापातून उठली, पण वाचा गेली. ऐकू नीट यायचं. जिभेत, घशात काही दोष नाही. नोकरी लागल्यावर मी तिला बीडला डॉक्टरांना दाखवलं, एका हकिमांनाही दाखवलं. दोघंही म्हणाले, धक्का बसलाय. त्यापुढे कुणाला काही सांगता आलं नाही. सोळा वर्षं ती एक अक्षर बोलली नाही. आमचं सगळं खुणांवर चालायचं, आणि चांगलं चालायचं.

संक्रांतीला मी दोन दिवसांच्या रजेवर गावी आलो होतो. सकाळी ओट्यावर दाढी करत बसलो होतो. आतून आवाज आला —

"भाकर खाऊन घे. आपल्याला जायचंय."

मला वाटलं, शेजारची कुणी बाई आलीय. आत पाहिलं तर माय एकटीच चुलीपुढे. तव्यावरची भाकरी उलटत होती.

"माय, तू बोललीस?"

"मग दुसरं कोण हाय इथं?"

आवाज बसलेला नाही, अडखळणं नाही. काल रात्री बोलून झोपलेलं माणूस सकाळी बोलावं, तसा. मी म्हणालो, "बस जरा, नाडी बघू दे."

"नाडी मग बघ," ती म्हणाली. "आधी भावजींकडं जाऊ."

भावजी म्हणजे माझे थोरले चुलते, आबा. वडील गेल्यावर त्यांनीच आम्हाला आपल्या अंगणातल्या घरात ठेवून सांभाळलं. माय त्यांच्यासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. त्या दिवशीही पदर नीट घेतला, आणि त्यांच्या गोठ्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आबा बैलांना वैरण टाकत होते.

"भावजी, मानमोडीत तुमी मला घरात टाकून गेलात," माय म्हणाली.

आबांच्या हातातली पेंढी तशीच राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो... कारण मला हे ठाऊकच नव्हतं. मला लहानपणापासून सांगितलं होतं, की साथीच्या भीतीनं गाव शेतात राहायला गेलं, तेव्हा आबांनी आम्हा दोघांनाही नेलं.

"दोघांना उचलायचं तुमच्यात बळ नव्हतं," माय पुढे म्हणाली. "तुमी लेकराला उचललं. म्हणून त्ये वाचलं. मला कवाच म्हणायचं हुतं, म्हणता आलं न्हाई. तुमचे लई उपकार हायेत."

तिच्या बोलण्यात टोमणा असावा म्हणून मी कान देऊन ऐकलं. नव्हता.

आबा गव्हाणीच्या कडेवर बसले. म्हणाले, "मला वाटलं, तू गेलीस..." मग मान हलवली. "न्हाई. आता खोटं कावून बोलू. तू कण्हत हुतीस. मी ऐकलं, आन दार ओढून घेतलं."

"मला ठावं हाय," माय म्हणाली. "म्हणून तर आले."

आबा लहान पोरासारखे रडले. म्हाताऱ्या, करड्या माणसाला असं रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. माय तिथं थांबली नाही. मला म्हणाली, "चल, खैरूनकडं."

खैरुनबी आमच्या गावची बांगडीवाली. तिचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, मशिदीमागं. नवरा जमालभाई भांड्यांना कल्हई करायचे. माय विधवा, तिला बांगड्या भरायच्या नसत, त्यामुळे खैरुनबी आमच्या घरी कधी यायची नाही. वाटेत दिसली तर उलट मान खाली घालून निघून जायची. मला वाटायचं, मुकी बाई म्हणून भीत असेल.

दोघंही अंगणात होते. माय बोलतेय हे वाऱ्यासारखं आमच्या पुढं पोचलं नव्हतं, इतक्या लवकर आम्ही गेलो. माय खैरुनबीपुढं जमिनीवर बसली आणि तिचा हात हातात घेतला.

"तीन दिवस तू मला पाणी पाजलंस. फडकं भिजवून, थेंब थेंब. तुजी सकीना घरात तापानं पडली हुती, तरी यायचीस."

खैरुनबीनं हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला. माय सोडेना.

त्यातलं काय घडलं होतं ते मला नंतर खैरुनबीनं सांगितलं. लेक आजारी म्हणून ते कुटुंब गाव सोडू शकलं नव्हतं. विहिरीवर जाताना खैरुनबीला बंद दारामागचं कण्हणं ऐकू आलं. ती आत गेली. तीन दिवस येत राहिली. तिसऱ्या दुपारी आमच्या घरातून परत गेली, तर सकीना नुकतीच गेली होती. लेकीजवळ नव्हते, परक्या बाईजवळ होते — ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालासुद्धा नाही. आबा चौथ्या दिवशी प्रेत उचलायला म्हणून आले, तेव्हा माय डोळे उघडून पडलेली होती.

इथपर्यंत माझं लॉजिक चालतं. तापातल्या माणसाला आजूबाजूचं थोडंफार कळू शकतं. पण माय पुढे म्हणाली —

"खैरून, सकीना तहानलेली गेली न्हाई. तुजी वाट बघतही गेली न्हाई. जमालभाईनं तिला सीताफळ चारलं. बिया मुठीत धरून ठेवल्या तिनं. लई गोड हाय, म्हणली. आन झोपली."

खैरुनबीनं हळूच नवऱ्याकडे पाहिलं.

"सच है क्या जी?"

जमालभाई भिंतीला टेकून उभे होते. "हौ," ते म्हणाले. "हकीमसाब मना करे थे. थंडं मत देना बोले थे. पर बच्ची मांगी... मैं दिया." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मीच मारली तिला. म्हणून हिला कधी बोललो नाही."

त्या सकाळी माझ्या हातून उपयोगाचं एकच काम झालं. मी कंपाउंडर म्हणून त्यांना सांगितलं, सीताफळानं कुणी मरत नाही. ती मानमोडीनं गेली. तिनं जाताना गोड खाल्लं, एवढंच. त्यांनी मला तेच दोन-तीनदा परत म्हणायला लावलं. शेजारी त्या दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या.

परतताना मी मायला विचारलं, "तुला हे कसं कळलं? तू तर शुद्धीत नव्हतीस, आणि इतक्या लांब..."

"ते मला न्हाई सांगता यायचं," ती म्हणाली. "जे जे मिळालं, त्याचं ज्याला त्याला म्हणायचं ऱ्हाऊन गेलतं. वाईट मिळालं, त्याचंबी. आता मोकळी झाले."

हे तिचं शेवटचं वाक्य. त्यानंतर नऊ वर्षं जगली, पुन्हा बोलली नाही. लोक नारळ घेऊन पाया पडायला यायचे, ती खराटा उचलायची. गावातले बुवा म्हणाले, तिचं मौन म्हणजे तप होतं. मशिदीतले मुल्ला म्हणाले, शुक्र, म्हणजे उपकार मानणं, हीच सगळ्यात मोठी इबादत. मायनं दोघांचंही ऐकून घेतलं, आणि डाळ निवडत बसली.

मी डॉक्टरांशी बोललो, पुस्तकं चाळली. वाचा एका सकाळी येऊन जाणं — अशा केसेस क्वचित होतात म्हणे. सीताफळाचं कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही.

पण खरं सांगू का, इतक्या वर्षांनी मला त्याचं फारसं काही वाटत नाही. माझी झोप उडते ती गोठ्यातल्या त्या बोलण्यानं. आपण कण्हत असताना दार ओढून घेणारा माणूस... सोळा वर्षं त्याच्याच अंगणात राहायचं, रोज त्याचं तोंड बघायचं, आणि वाचा आल्यावर पहिलं त्याच्याकडे जाऊन उपकार मानायचे. हे तिला कसं जमलं, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.