देवामागचा दुसरा देव

त्या वर्षी आमच्या घरात संध्याकाळ लवकर होऊ लागली. घड्याळ बरोबर चालत होतं, पण आईचा दिवस त्याच्या आधीच मावळायचा. सूर्यास्तानंतर अन्नपाणी घ्यायचं नाही, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधलं शिक्षण संपवून नुकतीच वाशीमजवळच्या मालेगावला परतले होते. बाबांच्या कापडाच्या दुकानामागेच आमचं घर. त्या दिवशी ओसरीवर लख्ख ऊन असताना मी तिचं ताट वाढलं, तर तिने ते बाजूला सारलं.

"अंधार पडला ना वं. आता कायले वाढून राह्यली?"

मी उन्हाकडे बोट दाखवलं. तिने तिकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी तिचा नेम मोडायलाच बसले होते. त्यानंतर ती रोजच उपाशी राहू लागली. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायच्या. दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याशी ती बोलत असायची आणि लुगडं वाऱ्याने हललं की मान डोलवायची. ती झोपलेली असताना मी तिच्याजवळ बसायची. तिने डोळे उघडले की उजव्या बुबुळामागे दुधाच्या सायीसारखं काहीतरी दिसायचं. त्यातून माझ्याकडे आईच पाहते आहे, याची खात्री वाटायची नाही.

आईचे डोळे दाखवायला हवेत, असं मी एकदाच, हळूच म्हणाले. काकू चूल फुंकता फुंकता हसली. "तुह्या इंग्रजी शाळेत सगळ्यालेच आजार म्हणतात काय?" माझं बोलणं तसंही कोणाला ऐकू जात नसे.

काकूच्या हसण्याला कारण होतं. जवळच्याच शिरपूरच्या जैन मंदिरात, खाली भुयारातल्या गाभाऱ्यात, समईभोवती आईला रंगांची कडी दिसू लागली होती. मूर्तीच्या मागे आणखी एक मूर्ती दिसायची. "देवाच्या मागं दुसरा देव उभा राह्यते," ती शांतपणे सांगायची. बायका तिच्या पाया पडू लागल्या. नवरा गेलेल्या एकीने तर विचारलं, आमचे हे तिकडे सुखात आहेत का, तेवढं पाहून सांगा. आई घाबरली, पण नाही म्हणाली नाही. या बायकांना खऱ्या वाटणाऱ्या गोष्टीला मी आजार म्हणत होते, आणि माझं खरं असेल तर आईचा देव मीच तिच्यापासून हिरावून घेणार होते. त्या महिन्यात मला प्रार्थनाही करता येईना. मागायचं तरी काय, हेच कळत नव्हतं.

श्रावणात आम्ही दोघी एसटीने शिरपूरला गेलो. भुयारात आमच्याखेरीज कोणी नव्हतं, निदान मला तसं वाटलं. आई मूर्तीसमोर बसली आणि पुटपुटली, "आज लई जवळ आला." तेव्हा आमच्या मागून एका बाईचा आवाज आला.

"बाई, उजवा डोया झाक अन् मंग पाह्य."

आईने मुकाट्याने तळहात डोळ्यावर ठेवला. मूर्तीकडे निरखून पाहिलं.

"एकच हाये," ती म्हणाली.

"मंग दुसरा देवात नाही, तुह्या डोयात हाये. दाखव कोणाले तरी. देव कुठी जात नाही."

मी वळले तेव्हा पांढरा पदर पायऱ्यांवरून वर जाताना दिसला. मी मागोमाग वर धावले. अंगणात फक्त ओली फरशी होती. पुजाऱ्यांनी कोणालाच येताना-जाताना पाहिलं नव्हतं.

आईने घरी न जाता तसंच वाशीमला न्यायला सांगितलं. तिथे डोळे तपासणाऱ्या एका गृहस्थांची खोली होती. त्यांनी तिचा एकेक डोळा झाकून तक्त्यावरची मराठी अक्षरं वाचायला लावली. मी नकळत तीच अक्षरं पुटपुटले, तशी त्यांनी मान वर केली. "मुली, परीक्षा आईची आहे." आई हसली. कितीतरी दिवसांनी. त्यांनी भिंगं बदलून पाहिली, बॅटरीच्या उजेडात बुबुळ निरखलं आणि सांगितलं, उजव्यात मोतीबिंदू पिकत आला आहे, डाव्यात सुरुवात आहे, चष्म्याने भागणार नाही. दिव्याभोवतीची कडी, एकाच्या जागी दोन दिसणं, भर दिवसा अंधारून येणं, सगळं त्याचंच. अकोल्याला शस्त्रक्रिया करून घ्या.

परतीच्या बसमध्ये मी आईला त्या बाईबद्दल विचारलं. मला तिचा पदर सोडून काहीच आठवत नव्हतं. आईने मात्र सगळं सांगितलं. गालावर देवीचे व्रण, समोरचा एक दात आडवा, कपाळावर गोंदण. मला नवल वाटलं, कारण आईने मागे वळून पाहिलंच नव्हतं. आणि शेजारी बसलेल्या माझा चेहराही तिला तेव्हा नीट दिसत नव्हता.

आईचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी बांधून ती निश्चल पडून होती, तेव्हा मी तिच्या उशाशी बसून पहिल्यांदा काहीही न मागता हात जोडले. पुढे काही वर्षं मी शिरपूरच्या धर्मशाळेत तशा चेहऱ्याच्या बाईची चौकशी करत राहिले. आता करत नाही. जिने सांगायचं ते सांगितलं, तिला मी ओळखलंच पाहिजे असं नाही. माझा भित्रा आवाज कोणापर्यंत पोहोचत नव्हता, तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून तो आईपर्यंत पोहोचला. एवढ्यावर माझं डोकं टेकतं, आणि तिथेच मी ते ठेवते.