तेरा नंबर भिंतीच्या अलीकडेच

वापीजवळ अथालच्या चाळीत सोळा खोल्या, नळ एक, आणि आमच्या खोलीत आम्ही सहा जण. आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याकडून आलेले, सुताच्या कंपनीत पॅकिंगला. शिक्षण चौथी. पॅकिंगचा पुठ्ठा मांडीवर घेऊन मी अभ्यास केला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली... हे अभिमानानेच लिहिते. बीएस्सी आयटी केलेल्या मुलीचा असल्या गोष्टींवर विश्वास कसा असेल? नव्हताच. भूत हा शब्द तर मी आजही वापरणार नाही.

आधी चाळीचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पत्र लिहिलं की आपला पत्ता म्हणून सगळ्यांचा एकच — ‘मार्फत घरमालक’. घरमालकाने टपाल आबांवर सोपवलेलं; कोणत्या खोलीने कुणाला लिहिलं ते आबा वहीत टिपून ठेवायचे. उत्तर आलं की वही बघून बरोबर त्या खोलीत. नोंद नसेल तर पत्र परत. पुढे कॉलेजात सर नॅट शिकवत होते... ऑफिसातले शंभर कॉम्प्युटर बाहेर एकाच आयपी पत्त्याने जातात, कुणी काय मागितलं ते राउटर लिहून ठेवतो, आणि आतून मागितलं नसेल ते आत घेत नाही. मी मागच्या बाकावरून म्हणाले, "सर, म्हणजे मार्फत." वर्ग हसला. आबांना सांगितलं तर ते दोन दिवस खूश होते.

आणि तेरा नंबरची खोली. ती कोपऱ्यावरून वळून होती, त्यामुळे भिंतीपलीकडच्या चाळीतली वाटायची. नवा माणूस हटकून गेटबाहेर जाऊन शोधायचा. मग आबा अहिराणीत हाक मारायचे, "तेरा नंबर भितना आल्याडच शे." म्हणजे भिंतीच्या अलीकडेच आहे.

आबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. माझं आयकार्ड त्यांनी पाहिलं नाही.

गलोंड्याच्या कंपनीत मी नेटवर्क ट्रेनी, सहा महिने संपत आलेले. त्या दिवशी नवीन मशीन ऑफिसच्या सर्व्हरशी बोलेना. साहेब म्हणाले, पाचपर्यंत झालं नाही तर वापीहून माणूस बोलावतो, आणि तुला कायम करायचं ते मग बघू. केबल बदलली. आयपी पत्ता बरोबर. मशीन डेटाचं प्रत्येक पॅकेट राउटरकडे पाठवत होतं आणि राउटर ते टाकून देत होता, म्हणून मी चार तास राउटरच्याच मागे. साडेचारला डोळे भरून आले. मनात म्हणाले, आबा, काय चुकतंय माझं?

इंटरकॉम वाजला. गेटवरचा वॉचमन — बिहारचा, आठवड्यापूर्वीच लागलेला.

"मॅडम, एक बाबा आए थे. पूछ रहे थे, हमारी पोरी कुर्सी पे बैठती है ना? मैंने बोला, एसी में बैठती हैं."

"अजून काय म्हणाले?"

"बोले, उसको बोल देना, तेरा नंबर भीत के आल्याड है. मैंने पूछा, मेरा कौन सा नंबर? तो हँसने लगे."

त्याला ‘तेरा’ म्हणजे ‘तुझा’ वाटलं. मला मात्र ती कोपऱ्यावरची खोली दिसली.

मी मशीनचा सबनेट मास्क उघडला. मास्क म्हणजे भिंतच — कोण आपल्यातला, कोण बाहेरचा, ते त्यावरून ठरतं. आपल्यातल्याला पॅकेट थेट जातं, बाहेरच्याला राउटरच्या मार्फत. कुणीतरी शेवटी शून्याऐवजी १२८ टाकलेलं. शेजारचाच सर्व्हर मशीनला भिंतीपलीकडचा वाटत होता. शून्य केलं. सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली; लगेच उत्तर.

धावत गेटवर गेले. कुणी नाही. रजिस्टरमध्ये नोंद नाही. कॅमेऱ्यात गेटची फक्त आतली बाजू दिसते. बाबांच्या गळ्यात टॉवेल होता, वॉचमन म्हणाला. आबांच्याही असायचा... तो तर इथे प्रत्येकाच्या गळ्यात असतो. चाळ पाडून टाकलेली, कंपनीत ती कुणाला माहीतही नाही. योगायोग म्हणा हवं तर. पण बिहारच्या माणसाच्या तोंडी ‘आल्याड’ कुठून आलं?

खूप शोधलं, मला अजून कळलेलं नाही. एवढंच माहीत आहे की आतून मागितल्याशिवाय उत्तर आत येत नाही... आणि मी मागितलं होतं.

त्या महिन्याच्या शेवटी मी कायम झाले.