आईच्या बारा भाडेपावत्या

आयकर खात्याचं पत्र आलं तेव्हा मी घाबरलो नाही. फीमाफीवर आणि शिष्यवृत्तीवर शिकलेला मी, घरातला पहिला पदवीधर; कर भरताना माझा हात कधी आखडला नव्हता. घरभाड्यापोटी मी सूट मागितली होती, तिचा पुरावा त्यांना हवा होता. वर्षाच्या बारा पावत्या ओळीने लावून मी निघालो.

घर आईचं होतं. वडील गेल्यावर तिने तालुक्याच्या गावातलं शिवणकामाचं दुकान विकून मार्केट यार्डामागे दोन खोल्या घेतल्या, स्वतःच्या नावावर. मी राहायला गेलो त्याच दिवशी तिने अट घातली.

"ऱ्हा. पण भाडं द्यायचं. नवऱ्याच्या घरात फुकट खाती, असं तीस वर्षं ऐकलंय मी. आता घर माझं हाय."

दर एक तारखेला मी पैसे तिच्या हातावर ठेवायचो. पावती मी लिहायचो. रेव्हेन्यू स्टॅम्पवर तिची निशाणी असायची.

अधिकाऱ्यांनी पावत्या टेबलावर पसरल्या. "एप्रिल ते जून अंगठा. जुलैत ही वेडीवाकडी अक्षरं. आणि मार्चमध्ये ही सही. ही एकच बाई आहे, असं आपलं म्हणणं?" मग त्यांनी माझं रिटर्न पुढे ओढलं. "सहीखालची ही रेघ आणि दोन ठिपके. आपल्याही सहीखाली आहेत."

"ती शिकत होती, साहेब," मी म्हणालो.

"मग सोमवारी तसा पुरावा आणा. नाहीतर दावा खोटा धरावा लागेल."

तिथून मी सदाशिव पेठेतल्या एका कर सल्लागाराकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आईला भाडं देता? मग जेवणाचं बिल वेगळं येतं का?"

"नाही."

"नशीबवान आहात. अहो, रक्कम केवढी, धावपळ केवढी! फरक भरा आणि मोकळे व्हा."

रक्कम लहानच होती. पण ती भरली असती तर पावत्या खोट्या, सही खोटी आणि आई घरमालकीण फक्त कागदापुरती, हे मीच मान्य केलं असतं. भरणार नाही, असं मी त्यांचा जिना उतरतानाच ठरवलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने ट्रंकेतून एक वही काढली. जूनपासून ती महापालिकेच्या शाळेत संध्याकाळी साक्षरता वर्गाला जात होती. प्रत्येक पानावर शिकवणाऱ्या बाईंची तारखेसह सही. जुलैच्या पानांवर नुसतं तिचं नाव, त्यातलं एक अक्षर उलटं. दिवाळीनंतर नावापुढे माझ्या वडिलांचं नाव. फेब्रुवारीत आडनाव, आणि खाली रेघ, दोन ठिपके.

"रेघ तुझीच उचलली," ती म्हणाली. "शोभून दिसती."

सोमवारी ती माझ्याबरोबर आली आणि कुणी 'बसा' म्हणायच्या आत खुर्चीत बसली. अधिकाऱ्यांनी वहीचं एकेक पान त्या त्या महिन्याच्या पावतीशेजारी धरून पाहिलं. उलटं अक्षर जुलैच्या पावतीवरही उलटंच होतं. मग त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहिल्या आणि तिच्यापुढे सरकवल्या.

"बाई, इथे सही करा."

"काय लिवलंय ते वाचू द्या आधी."

ओळीखाली बोट फिरवत ती वाचू लागली. 'दरमहा' शब्दावर अडली, मागे गेली, पुन्हा आली. मी सवयीने पुढे झुकलो, तर तिने कोपराने मला मागे सारलं. शेवटपर्यंत वाचून तिने सही केली. रेघ. दोन ठिपके.

अधिकाऱ्यांनी ती सही मार्चच्या पावतीशी ताडून पाहिली. "ठीक आहे. दावा मान्य करतो. ही वही मात्र फाइलला लागेल."

मी कृतज्ञतेने "हो साहेब" म्हणणार, तेवढ्यात आईने वहीवर तळहात ठेवला.

"पोच द्या."

"कसली पोच?"

"वहीची. मी भाडं घेतलं की पावती देती. तुम्ही वही घेताय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. शेवटी त्यांनी एक कोरा कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या आणि तिच्या हातात दिल्या. तिने तोही कागद बोट फिरवत वाचला आणि परत त्यांच्यापुढे ठेवला.

"सही राहिली, साहेब."