तोंड उत्तरेला

जमुनाइतकी हट्टी बाई मी पाहिली नाही, आणि साताऱ्याहून बोईसरला आल्यापासून मी हट्टी माणसं पुष्कळ पाहिलीत. आम्ही दोघी एकाच कारखान्यात औषधाच्या बाटल्या खोक्यात भरतो. म्हणजे मी भरते. ती भरायची.

ती सफाळ्याच्या आतल्या डोंगरपाड्यातली. आश्रमशाळेत कुणी सर फ्रिसबी घेऊन आले आणि ती प्लास्टिकची थाळी हिच्या हाताला चिकटली ती कायमची. सुट्टी आली की आम्हा कारखान्यातल्या सात-आठ जणांना ती केळव्याच्या किनाऱ्यावर ओढून न्यायची. सामना नाहीच, नुसता सराव. एकाने थाळी धरायची, दुसऱ्याने आधी त्याच्या दिशेने धावायचं, पाय रोवून गर्रकन वळायचं आणि मोकळ्या जागेत सुटायचं.

"माणसाला नको टाकू गे! तो जिथं पोचंल तिथं टाक," जमुना ओरडायची. कुणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या पोटऱ्या ठणकायच्या आणि मी तिला मनापासून शिव्या द्यायचे.

दक्षिणेला भजीच्या गाड्या आणि मुंबईहून आलेली मंडळी. थाळी कुणाच्या डोक्यात बसायला नको म्हणून आम्ही नेहमी उत्तरेलाच टाकायचो. डावीकडे समुद्र, डावीकडून वारा. थाळी वाहून जाऊ नये म्हणून तिची डावी कड जरा खाली झुकवायची, हे जमुनानेच शिकवलं. दुसरीकडे सराव करणार तरी कुठे? बोईसरला मोकळी जागा दिसली की तिथे ट्रक उभा असतो.

मुंबईत राज्याच्या संघाची निवड होती. नाव आलं तर शिबिर, आणि पुढे शाळांतून खेळ शिकवायचं काम. जमुनाला आयुष्यात तेवढंच हवं होतं. सुपरवायझर म्हणाला, खाडा केलास तर परत येऊ नकोस. तरी ती गेली. माझी रात्रपाळी होती, म्हणून मीही सोबत गेले.

मैदानाच्या चारी बाजूंना उंच इमारती. झाडाचं पान हलत नव्हतं. पहिली थाळी तिने सुरेख सोडली, आणि ती डावीकडे वळत रेषेबाहेर जाऊन पडली. दुसरी तशीच. कारण तिला लगेच कळलं, मलाही कळलं. पण मनगटाला कोण सांगणार? जित्याची खोड! सरळ धरायला गेली तर थाळी लटपटत सुटली.

"हितं वाराच नाय," ती निवड करणाऱ्या बाईंना म्हणाली.

मागे कुणीतरी हसलं, "नाचता येईना, अंगण वाकडं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, अंगण वाकडं असतं तर ती नाचली असती! सरळ होतं, हीच तर अडचण.

नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर वॉचमनने तिला "तेरा नाम काट दिया है" म्हणून परत पाठवलं.

घरच्यांबरोबर वीटभट्टीवर निघायच्या आदल्या दिवशी ती मला केळव्याला घेऊन गेली. बाकी सगळे पाळीवर होते.

"धाव," ती म्हणाली.

मी धावले, पाय रोवला, वळले. थाळी वाऱ्याला रेलत आली आणि नेमकी माझ्या हातात बसली.

"बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे गं."

"हितं बरोबर हाय," ती म्हणाली, आणि थाळी माझ्याच हातात राहू देऊन चपला शोधायला गेली.