सहा पाखरांचे बारा पाय

पाखरांना पाय मी लावायला लावले. सहा पाखरं, बारा पाय. हे आधीच सांगून टाकतो, कारण सांगता सांगता दोष दुसऱ्याच्या पदरात घालायचा मोह मला होतो. तसा तो एकदा घालून झाला आहे.

माझी सगळी नोकरी चित्रकला शिकवण्यात गेली. आधी धानोऱ्याला, मग सावलीला. चित्रकलेच्या मास्तरला एक खोड जडते, दुसऱ्याच्या कागदावर हात फिरवायची. पोरानं काढलेल्या गाईला शेपूट दिसली नाही की मी पेन्सिल हिसकावून शेपूट काढून द्यायचो. गाय बसलेली असेल, शेपूट अंगाखाली गेली असेल, हे माझ्या डोक्यात येत नसे. निवृत्त झालो तरी खोड काही निवृत्त झाली नाही.

सावलीला बसस्टँडच्या मागे एका चाचाचं गॅरेज आहे. त्याचे अब्बा पूर्वी लाकडाच्या एका ठेकेदाराची विलायती गाडी चालवायचे. जंगलाचे ठेके संपले, ठेकेदार गाव सोडून गेला आणि गाडी अब्बांकडेच राहिली. कित्येक वर्षं ती ताडपत्रीखाली पडून होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. चाचानं ती एकेक नट जमवत उभी केली आणि एक दिवस चालूही केली. नागपूरला जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता, तिथं ती न्यायची असं त्यानं ठरवलं. अडलं फक्त बॉनेटवरच्या बिल्ल्यावर. कंपनीचा तो पितळी बिल्ला एका बाजूनं तुटला होता, त्यावरचा रंग उडून गेला होता.

“सर, तुम्ही ड्रॉइंगवाले. याचा मतलब काय, ते सांगा अन् नवा कसा बनवायचा तेबी सांगा,” तो म्हणाला.

मतलब सांग म्हटल्यावर मी थांबतो थोडाच! ढाल म्हणजे रक्षण, वरचा मुकुट म्हणजे राजा, आणि चौकटींतली ही सहा पाखरं म्हणजे बदकं. विलायतेत तळी फार, असं मी ठोकून दिलं. पाखरांना पाय नव्हते. “झिजलेत,” मी म्हणालो. चाचानं मान हलवली. मी घरी जाऊन मोठ्या कागदावर बिल्ला काढला, तुटलेली बाजू भरून काढली आणि प्रत्येक बदकाला दोन दोन सुबक पाय दिले.

ओतायला माणूस माझ्या ओळखीचा होता. धानोऱ्याच्या पुढं जंगलातल्या एका गावात एक म्हातारा पितळेचे देव ओततो. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर माती लिंपायची, भट्टीत मेण जाळून त्या पोकळीत पितळ ओतायचं, असं ते काम. नोकरीत असताना त्याच्याकडून मी एक घोडा घेतला होता. फोनमध्ये त्याचा नंबर ‘पितळवाला, धानोरा’ असा होता. मी त्याला सावलीला बोलावलं. तो आला, बिल्ला तळहातावर घेऊन बराच वेळ फिरवत राहिला. देव आता बाजारातून तयार येतात, भट्टी वर्षातून दोनदाच पेटते, म्हणून काम मिळालं तर बरंच, असं म्हणाला. एकच गोष्ट त्यानं विचारली, जुनं पितळ नव्यात घातलं तर चालेल का. त्याच्याकडे तशी रीत होती. चाचाला ते फार आवडलं. अब्बांचा हात फिरलेली चीज आतच राहील, म्हणाला.

महिन्याभरानं म्हातारा गमछ्यात गुंडाळून नवा बिल्ला घेऊन आला. गॅरेजमध्ये चहावाला, दोन ड्रायव्हर आणि टायरवाला जमले होते. बिल्ला असा काही उतरला होता की चाचा तो उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघत होता. मी मात्र आधी खाली पाहिलं.

“पाय कुठं आहेत?”

“नाई केले गुर्जी.”

“मी कागदावर काढून दिले होते ना? डोळे फुटले होते का?”

“कागद पाह्यला जी. पन त्या जुन्याले पाय नव्हते.”

“झिजले होते ते!”

“झिजले असते तं निशानी राह्यली असती. पोटाखाली गुळगुळीत होतं,” तो हळूच म्हणाला. “कोनी आपल्या घरचा जुना देव आनून देते, त्याचं नाक घासलेलं असते. आमी नाक लावत नाई. त्या घरच्याईनं जसा पाह्यला तसाच ओततो. अन् हे पाखरू, मले वाटते, खाली बसतच नाई. मंग त्याले पाय कायले पायजे?”

मी हसलो. नुसता हसलो नाही, बाकीच्यांकडे बघून हसलो. “खाली बसत नाही! पाखरू आहे की विमान?” टायरवाला खो खो हसला. चाचा “सर, असलमध्ये तर नव्हते...” असं काहीतरी पुटपुटला, पण मी त्यालाही थांबवलं. एवढी वर्षं चित्रकला शिकवलेला माणूस समोर असताना बदकाला पाय असतात की नाही यावर चर्चा कसली! म्हाताऱ्यानं खाली बघत बिल्ला परत गमछ्यात गुंडाळला. तो बिल्ला मोडून, वितळवून त्यानं दुसरा ओतून आणला. बारा पाय, अगदी माझ्या कागदाबरहुकूम. रंग मी भरला.

नागपूरच्या मैदानात चाचाची गाडी झळकली. लोक फोटो काढत होते. पारखायला आलेले एक पिकल्या केसांचे गृहस्थ बॉनेटपाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले.

“ओतकाम सुरेख आहे,” ते म्हणाले. “पण या पाखरांना पाय कुणी लावले? यांना पाय नसतातच. हा पक्षी जमिनीवर कधी उतरत नाही, असं मानतात. तिकडे जमीन थोरल्या मुलाला जायची. धाकट्याला पाय ठेवायला जागा नाही, म्हणून त्याच्या ढालीवर हे बिनपायाचं पाखरू.”

हे तर म्हाताऱ्याचंच वाक्य. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की पाय माझे. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

“गावाकडचा कारागीर आहे हो,” मी म्हणालो. “त्याला काय कळतं.”

“अरेरे,” ते म्हणाले. “आमच्या तीन-चार जणांचे बिल्ले हरवलेत. त्याला ते काम देणार होतो. पण मनानं भर घालणारा माणूस या कामाला चालत नाही.”

जो माणूस देवाचं घासलेलं नाकही भरत नाही, त्याच्यावर मनानं भर घालण्याचा आळ मी आणला होता. तोंड उघडायला अजूनही वेळ होता. ते गृहस्थ पुढच्या गाडीकडे जाईपर्यंत मी गप्प राहिलो. चाचा फडक्यानं आधीच चकचकीत असलेलं बॉनेट पुसत होता.

परतीच्या वाटेवर नागभीडला आम्ही चहाला थांबलो. चाचानं अर्धा कप संपवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “सर, मी बाजूलाच उभा होतो.” एवढंच. पुढं सावलीपर्यंत त्यानं गाडीच्या आवाजाबद्दल, ब्रेकबद्दल बोलणं काढलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंधरा दिवस मी गॅरेजच्या रस्त्यानं गेलो नाही. मग त्या गृहस्थांचा नंबर मिळवून फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. फोनवर तोंड दिसत नाही, म्हणून जमलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “आधी बोलला असतात तर! ते काम आता बाहेर दिलं.”

त्यानंतर मी धानोऱ्याच्या पुढं, म्हाताऱ्याच्या गावी गेलो. मोहाचे दिवस होते. म्हातारा अंगणात चटईवर मोहफुलं पसरून बसला होता. मला बघून उठला, खाट ओढली.

“पाखरं आवडली का नागपूरले?” त्यानं पहिलं हेच विचारलं.

मी सगळं सांगितलं. तो म्हणत होता तेच बरोबर निघालं, हे सांगितलं तेव्हा तो तोंडभर हसला. मग पाय कुणाचे म्हणून मी काय बोललो ते सांगितलं, आणि त्याला मिळणारं काम कसं गेलं तेही. हसू गेलं. तो मोहफुलं चाळत राहिला. मी म्हटलं, “मी नवीन कागद काढतो, बिनपायाचा. पुन्हा ओतू.”

“नाई गुर्जी. चाचाच्या बापाचं पितळ हाय त्याच्यात. दोनदा आगीत गेलं. आता कितींदा जाळाचं त्याले?”

मग त्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती.

“तिथं, त्या लोकाईत, माहं नाव तं नाई ना सांगतलं?”

“नाही,” मी म्हणालो.

“मंग जाऊ द्या. नाव नाई गेलं ना, बस झालं. तुमी उन्हातून आले, पानी आनतो.”

तो आत गेला. मी खाटेवर बसून राहिलो. मी खोटं बोललो नव्हतो. त्याचं नाव मी नागपुरात खरंच सांगितलं नव्हतं. पण त्यात माझा चांगुलपणा काडीचा नव्हता. त्याच्या घोड्याला माझ्या घरात बारा वर्षं झाली, त्याचं काम मी एकदा नाकारलं, एकदा स्वीकारलं, चार लोकांत त्याला हसलो, आणि त्याचं नाव मी आजवर विचारलंच नव्हतं.

तो तांब्या घेऊन बाहेर आला. मी खाटेवरून उठलो आणि विचारलं.